तबकड्यांची वांटणी

एकत्र कुटुंबाची वांटणी ज्यांनीं जवळून पाहिली असेल त्यांस ठाऊक असेल कीं, बाहेरच्या लोकांस वाटतात तसे खरे पेंच शेतजमिनीवरून अथवा सोन्यानाण्यावरून पडत नाहींत. जमिनीस मोजणी आहे, सोन्यास तराजू आहे आणि वाड्यास खोल्या आहेत. चार भल्या माणसांस मध्यें घातलें म्हणजे त्यांचा निकाल लागतो. पेंच पडतो तो ज्या वस्तूस मापच नाहीं तिच्यापाशीं. देव्हाऱ्यांतील टाक कोणीं न्यावेत? आजोबांच्या हातच्या पोथ्या कोणाच्या कपाटांत राहाव्यात? आमच्या घरीं हे दोन्ही प्रश्न एका बैठकींत सुटले. परंतु तिसरा जो उभा राहिला त्यानें कार्तिकापासून माघापर्यंत सारें घर रात्रीं जागें ठेविलें. तो प्रश्न १८४ ध्वनिमुद्रिकांचा होता.

आमचें घर कारंज्याचें, म्हणजे श्रीनृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानाचें. १९९८ सालच्या जुलैंत वाशिम हा निराळा जिल्हा झाला तेव्हां आमचा तालुका त्यांत गेला. ज्या दिवसांची ही हकीकत आहे त्या १९८४ सालीं मात्र आम्ही अकोला जिल्ह्यांतले म्हणवीत असूं. आमचे आजोबा, ज्यांस सारें घर अण्णा म्हणे, गांवांतच वकिली करीत. पक्षकारांनीं दिलेल्या पैशांतून धान्य किती आलें व तबकड्या किती आल्या याचा हिशेब आजी शेवटपर्यंत त्यांना विचारीत असे. चावीच्या ग्रामोफोनापासून त्यांचा हा षोक सुरू झाला, आणि विजेचा रेकॉर्ड-प्लेअर घरांत आला तेव्हां त्यांची दृष्टि अधू झाली होती. तरी कोणती तबकडी कोणत्या कप्प्यांत आहे हें ते हात लावून सांगत. १९७९ सालीं अण्णा गेले. पुढें पांच वर्षें घर एकत्र चाललें, आणि मग तिघां भावांच्या चुली निराळ्या व्हाव्यात असें कोणाचें भांडण न होतां ठरलें. थोरले काका वाड्यांतच राहावयाचे, आमचे वडील नोकरीनिमित्त वाशिमास, आणि धाकटे काका नागपुरास.

१८४ तबकड्यांचे तीन वांटे करावयाचे तर प्रत्येकीं ६१ येतात व एक उरते. परंतु हा भागाकार कागदावरचा. बालगंधर्व एकाकडे, हिराबाई बडोदेकर दुसऱ्याकडे आणि गीतरामायणाचा संच तिसऱ्याकडे, अशी वांटणी करणें म्हणजे रामायणांतील कांडें तिघांत वांटून घेण्यासारखेंच होतें. धाकटे काका नव्या विचारांचे. त्यांनीं सुचविलें कीं, सारीं गाणीं कॅसेटवर उतरून घ्यावींत, प्रत्येकास एकेक संच द्यावा, आणि तबकड्यांचा पसारा कोणा शौकिनास विकून मोकळें व्हावें. विकण्याचें नांव काढतांच थोरले काका ताटावरून उठतात कीं काय असें वाटलें. अखेर तडजोड निघाली ती अशी: तबकड्या वाड्यांत थोरल्यांकडे राहाव्यात, आणि इतर दोघांनीं त्यांच्या प्रती न्याव्यात. वस्तु एकानें ठेवावी व आवाज सर्वांनीं घ्यावा. त्या वेळीं हा निवाडा आम्हां सर्वांस अत्यंत शहाणपणाचा वाटला. आम्ही तेव्हां महाविद्यालयांत विज्ञान शिकत होतों, म्हणून प्रती करण्याचें काम ओघानेंच आमच्याकडे आलें.

कॅसेट ही वस्तु आतां घरांतल्या मुलांस दाखवावी लागते, म्हणून दोन शब्द सांगतों. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीनें ती १९६३ सालीं बाजारांत आणली. चार मिलिमीटरहूनहि अरुंद अशी लोहभस्माचा लेप दिलेली फीत, सेकंदास पावणेपांच सेंटिमीटर या चालीनें चुंबकासमोरून सरकते, आणि तिच्या दोन्ही अंगांवर मिळून साठ किंवा नव्वद मिनिटांचें गाणें मावतें. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमधील फीत उलगडली तर सुमारें १२९ मीटर भरते. आमच्या घरीं तत्पूर्वीं एक लहान, हातांत धरून नेण्याजोगें कॅसेट-यंत्र होतें, आणि वांटणीची गोष्ट निघण्यापूर्वींहि त्यावर चारदोन गाणीं उतरविण्याचा प्रयोग झाला होता. पद्धति अगदीं भोळी: तबकडी लावावयाची, ध्वनिक्षेपकासमोर तें यंत्र पाटावर ठेवावयाचें, आणि घरांतल्या सर्वांस चूप बसावयास सांगावयाचें. एकत्र कुटुंबांत सर्वांस चूप बसावयास सांगणें किती फळतें हें वाचकांस सांगावयास नको. त्या फितींवर अभंगाच्या दुसऱ्या कडव्यांत कुकरची शिटी आहे, एका ठुमरींत कडी वाजते, आणि एके ठिकाणीं गुरुमंदिराच्या आरतीची घंटा इतकी अचूक सुरांत मिसळली आहे कीं, ती मूळ वाद्यवृंदांतीलच आहे असें आमची धाकटी बहीण कित्येक वर्षें समजत होती. शिवाय अशा लहान यंत्रांत आवाज आपोआप सांवरण्याची योजना असते. गवई क्षणभर थांबला कीं तें यंत्र कान टवकारी, आणि तंबोरा पूर आल्यासारखा फुगे. वांटणीस असल्या प्रती चालणार नव्हत्या.

शेजारच्या घरचे जांवई आखाती देशांतून परतले होते. त्यांनीं आणलेलें जपानी कॅसेट-यंत्र, ज्यावर आवाजाची पातळी दाखविणारे दोन कांटे होते, तें त्यांनीं दोन-अडीच महिन्यांकरितां मोठ्या मनानें दिलें. आमच्या वर्धकाच्या पाठीस पांच खुंट्यांची गोल जोडणी होती. तींतून तार काढून यंत्रास जोडली कीं गाणें हवेंत न येतां तबकडीवरून थेट फितीवर जाई. आतां कुकर वाजला तरी चिंता नव्हती. पहिली तबकडी अशी उतरविली तेव्हां आई स्वयंपाकघरांतून म्हणाली, “आज गाणें फार एकटें वाटतें.” तिचें म्हणणें तेव्हां आम्हांस कळलें नाहीं.

हिशेब केला. ६० मोठ्या तबकड्या, मिनिटास तेहेतीस आणि एक-तृतीयांश फेऱ्यांच्या. अशा तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून चाळीस-बेचाळीस मिनिटें होतात, म्हणजे नव्वदच्या कॅसेटच्या एका अंगावर एक तबकडी नेमकी बसते. ही सोय जणूं देवानेंच करून ठेविली होती, आणि त्या काळीं ज्या ज्या घरीं प्रती झाल्या त्या बहुधा याच मापानें झाल्या. त्यांच्या ३० कॅसेटी. ४५ फेऱ्यांच्या १२ लहान तबकड्यांच्या दोन. उरल्या ११२ लाखेच्या, ७८ फेऱ्यांच्या, एकेका बाजूस जेमतेम सव्वातीन मिनिटें चालणाऱ्या, त्यांच्या नऊ. म्हणजे एका संचास ४१ कॅसेटी, आणि सुमारें सत्तावन्न तासांचें वादन. दोन संचांस ८२. येथें एक नाजूक प्रश्न निघाला. कॅसेट-यंत्र एकच होतें. पहिला संच तबकडीवरून करावा व दुसरा त्या कॅसेटवरून करावा, तर दुसऱ्या भावाच्या वांट्यास नकलेची नक्कल येते, आणि फितीची स्वाभाविक खसखस प्रत्येक पिढींत वाढत जाते. मग पहिली प्रत कोणाची? पांच एकर जिराईत ज्यांनीं हंसत सोडलें ते दोघे भाऊ या प्रश्नावर एकमेकांकडे पाहीनासे झाले. शेवटीं थोरल्या काकूंनीं सांगितलें कीं, प्रत्येक तबकडी दोनदां वाजवा; अण्णांनीं घेतली ती वाजविण्याकरितांच. त्यावर कोणास बोलतां येईना. सत्तावन्नाचे ११४ तास झाले.

लाखेच्या तबकड्यांनीं आम्हांस जें शिकविलें तें कोणत्याहि पुस्तकानें शिकविलें नसतें. त्यांची खांच रुंद, नव्या तबकडीच्या जवळजवळ तिप्पट. म्हणून त्यांस निराळी सुई लागते. आमच्या यंत्रांत एक चिमुकली कळ फिरविली कीं सुई पालटत असे. ती पालटावयाची राहिली तर बारीक सुई रुंद खांचेच्या तळाशीं खरडत जाते व गाण्यापेक्षां गाळच अधिक ऐकूं येतो. शिवाय तबकडी करतांना खर्ज मुद्दाम दाबतात व तार स्वर चढवितात, आणि वाजवितांना तें उलट करावें लागतें. या चढउताराचें एक माप १९५४ सालापासून अमेरिकेंत ठरलें व पुढें सर्वत्र रूढ झालें. त्यापूर्वींच्या तबकड्यांस मात्र ज्याची त्याची रीत. तेव्हां प्रत्येक जुन्या तबकडीस कानानेंच न्याय द्यावा लागे. आणि धुण्याची गोष्ट तर विचारूंच नये. व्हिनाइलच्या तबकड्या आम्ही पाण्यांत स्पिरिटचे थेंब घालून पुसल्या. लाखेच्या तबकडीस तें औषध लावलें तर लाख विरघळते व गाणें फडक्यावर येतें. हें आम्ही एका फुटलेल्या तुकड्यावर आधीं करून पाहिलें, म्हणून १११ वांचल्या असें नव्हे तर साऱ्याच वांचल्या. लाख ही कीटकांची कमाई. आमच्या रानांतला पळस हें त्या कीटकांचें आवडतें झाड. ज्या झाडाच्या पानांवर आम्ही पंगती जेवलों, त्याच्याच जातीच्या झाडांवरून आलेला हा राळेसारखा पदार्थ गवयाचा गळा धरून ठेवतो, हें कळल्यावर धाकट्या भावंडांनीं तबकडीस नाक लावून वास घेतला होता.

परंतु खरा शत्रु होता तो विजेचा प्रवाह. सायंकाळीं सारें गांव दिवे लावी, शेतांतले पंप चालत, आणि आमच्या यंत्रावरची तबकडी दमल्यासारखी फिरूं लागे. प्रवाहाचीं आवर्तनें सेकंदास ५० असावींत असा नियम आहे. त्या काळीं मागणी वाढली कीं तीं घसरत, आणि तबकडीचा वेग त्यांच्याशीं बांधलेला. तीं ४८ पर्यंत उतरलीं तर ७८ फेऱ्यांच्या ७५ होतात, आणि गवयाचा षड्ज एका अर्धस्वराच्या दोन-तृतीयांशाहून अधिक खालीं येतो. प्रत्यक्ष ऐकतांना ही चूक त्या रात्रीपुरती असते. पण कॅसेट-यंत्राची चाल स्वतंत्र असल्यामुळें मंद फिरलेली तबकडी तींत कायमची मंद राहते. अशा गंधर्वांस पुढें सात पिढ्या बेसूर म्हणतील! थोरले काका पेटी घेऊन शेजारीं बसत व स्वर जुळला कीं मान हालवीत. परंतु पेटी तरी मूळ गवयाच्या षड्जाची साक्ष कशी देणार? निश्चित माप हवें होतें. तें आत्यांच्या तबकडीनें दिलें.

आत्या म्हणजे अण्णांचें थोरलें अपत्य. तिघे भाऊ त्यांस अक्का म्हणत. १९३६ सालीं त्यांचें लग्न झालें व १९३८ सालीं त्या परत माहेरीं आल्या. पुढचीं शेचाळीस वर्षें त्यांनीं या घराचें लोणचें, पापड, बाळंतपणें आणि आजारपणें केलीं; आमच्यापैकीं एकहि मूल असें नाहीं कीं ज्यास त्यांनीं तेलपाणी केलें नाहीं. त्यांची तबकडी बालगंधर्वांच्या एका नाट्यपदाची, लाखेची, दहा इंची. कडेपासून आंत इंचभर एक बारीक तडा गेलेला. सुई त्या तड्यावरून गेली कीं एक टिक् असा आवाज होई, आणि प्रत्येक फेऱ्यास एकदां याप्रमाणें पहिलें मिनिटभर ही टिकटिक गाण्याबरोबर चाले. पुढें सुई तड्याच्या आंत गेली म्हणजे थांबे. एके रात्रीं आम्ही वैतागून बसलों असतां आत्या जात्याजवळून म्हणाल्या, “माझी लावून पाहा. आज ती सावकाश चालते आहे.”

आम्हीं घड्याळ हातांत घेऊन ठोके मोजले. मिनिटांत ७५. अकरा वाजून गेल्यावर, गांव निजल्यावर, पुन्हा मोजले: ७८, नेमके. त्या दिवसापासून काम सुरू करण्यापूर्वीं आत्यांची तबकडी लावावयाची, ठोके मोजावयाचे, आणि अठ्याहत्तर भरले तरच पुढें जावयाचें, असा नियम झाला. आत्यांस घड्याळ लागत नसे. त्या ओंवाळल्यासारखी हाताची बोटें किंचित् हालवीत आणि “चालूं द्या” किंवा “अजून नाहीं” एवढेंच सांगत. दहांत नऊ वेळां घड्याळ त्यांच्या बाजूनें कौल देई. महाविद्यालयांतल्या प्रयोगशाळेंत याच कामाकरितां रेघांची चकती आणि दिवा वापरतात. आमच्याकडे तें काम एका तड्यानें केलें.

मार्गशीर्ष-पौषाच्या त्या रात्री अजून डोळ्यांपुढें आहेत. शेगडीभोंवतीं मंडळी जमत. शेतांतून आलेला हुरडा असे. वहिनी कॅसेटींच्या पट्ट्यांवर गवयाचें, रागाचें व नाटकाचें नांव आपल्या टपोऱ्या अक्षरांत लिहीत, आणि तें लिहितांना कोणतें पद कोणत्या अंकांतलें यावरून जे वाद होत ते वांटणीच्या वादांहून कितीतरी कडाक्याचे असत. ‘कट्यार काळजांत घुसली’ची पदें उतरविलीं त्या रात्रीं तर माजघर भरलें होतें. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचें हें नाटक १९६७ सालीं रंगभूमीवर आलें. संगीत जितेंद्र अभिषेकींचें, आणि खांसाहेबांच्या भूमिकेंत वसंतराव देशपांडे. वसंतराव जन्मले ते मूर्तिजापुरास, आमच्या गांवावरून जाणाऱ्या छोट्या रुळांच्या गाडीच्या टोकाशीं. त्यामुळें ते ‘आपले’ अशी गांवाची समजूत होती. १९८३ सालच्या जुलैंत ते गेले होते, आणि वर्षदीड वर्षांतच त्यांचा आवाज आम्ही तारेंतून फितीवर चढवीत होतों. कोणीतरी म्हणालें, बरें झालें, तबकडी होती. त्यावरून गोष्ट निघाली भास्करबुवा बखल्यांची, ज्यांच्या पायाशीं बालगंधर्व शिकले आणि ज्यांचा एकहि स्वर मागें राहिला नाहीं. अल्लादियाखांसाहेबांची, जे १९४६ सालापर्यंत हयात असून तबकडीपासून दूर राहिले. थोरल्या काकांच्या मतें आपली विद्या तीन मिनिटांत कापून द्यावयास ते तयार झाले नाहींत यांतच त्यांचा मोठेपणा. आमचे वडील म्हणाले, मोठेपणा खरा, पण भोगावें आपणांस लागतें.

माघांत काम संपलें. ८२ कॅसेटी ओळीनें मांडल्या गेल्या. कॅसेटच्या पाठीवर दोन चिमुकल्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या म्हणजे तिच्यावर पुन्हा दुसरें कांहीं उतरत नाहीं. वडिलांनीं त्या १६४ पट्ट्या स्वतः, दस्तावर शिक्का मारावा तशा गंभीरपणें मोडल्या. दुसऱ्या दिवशीं वांटणीचा कागद व्हावयाचा होता.

त्यांत आत्यांचें हक्कसोडपत्र होतें. १९५६ सालच्या हिंदु वारसा कायद्यानें अण्णांच्या हिश्श्यांत मुलीचाहि वांटा होता, आणि वकिलाच्या घरांत हें कोणास ठाऊक नव्हतें असें नाहीं. परंतु बहिणीनें भावांच्या नांवें हक्क सोडावा अशी रूढि होती. पुष्कळ घरांत ती अद्यापि आहे. मुलींस जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतींत भावांच्या बरोबरीचा अधिकार देणारी देशव्यापी दुरुस्ती २००५ सालीं झाली, आणि तोंवर आत्या हयात नव्हत्या. ही रूढि आम्हांस तेव्हांहि बरी वाटली नाहीं व आतांहि वाटत नाहीं. पण त्या बैठकींत लहानांस बोलावयाचें नव्हतें. दस्तलेखकानें कागद वाचून दाखविला. आत्यांनीं शांतपणें ऐकला, पेन हातीं घेतली, आणि यादी मागितली.

“यांत तबकड्या १८४ लिहिल्या आहेत,” त्या म्हणाल्या. “१८३ लिहा. एक माझी आहे.”

धाकटे काका समजुतीनें म्हणाले, “अक्का, तुझें गाणें दोन्ही संचांत उतरलें आहे. तूं कोणाकडेहि राहा, वाटेल तेव्हां ऐकतां येईल.”

“गाणें तुम्हां सर्वांचेंच आहे रे. तबकडी माझी आहे.”

“पण तुला ती वाजवायला यंत्र कोठें आहे?”

“यंत्र नव्हतें तेव्हांहि माझीच होती. यांनीं अकोल्याहून आणली होती, दिवाळींत. मी परत आलें तेव्हां बंडींत माझ्या ट्रंकेंत ती होती, वाटेंत चिरली. अण्णा म्हणाले, माझ्या पेटींत ठेव, नीट राहील. मीं ठेवायला दिली होती. देऊन टाकली नव्हती.”

वकिलाच्या मुलीनें ठेव आणि दान यांतला भेद असा सांगितल्यावर दस्तलेखक प्रथम हंसला, मग तिघां भावांच्या चेहऱ्यांकडे पाहून गप्प झाला. थोरल्या काकांनीं यादी ओढून घेतली, १८४ वर आडवी रेघ मारून १८३ केले, आणि खाडाखोडीशेजारीं आपली सही केली. मग ते उठून कपाटाकडे गेले. त्यांना परत यावयास जरा वेळ लागला. आत्यांनीं तबकडी मांडीवर घेतली व दुसऱ्या हातानें शेतावरचा, वाड्यावरचा आणि सोन्यावरचा आपला हक्क सोडून दिला.

अक्षरशः शेचाळीस वर्षें ती तबकडी घरांत ‘अण्णांची’ म्हणून वाजली होती. आत्यांनीं ती लावा असें कधीं म्हटलें नव्हतें आणि लागली म्हणजे उठूनहि गेल्या नव्हत्या. टिकटिकीवरून वेग ओळखण्याची विद्या त्यांना कशी आली याचा उलगडा आम्हांस त्या दिवशीं झाला.

पुढची हकीकत लांबविण्याचें कारण नाहीं. तो काळच कॅसेटचा होता. स्वस्त कॅसेटींनीं बाजार भरून गेला, भजनें व भक्तिगीतें बसस्थानकावर मिळूं लागलीं, आणि नव्वदच्या दशकांत आपल्याकडे नव्या तबकड्या निघण्याचेंच थांबलें. नागपूरच्या संचाची कथा हास्यकारक आहे. मोडलेल्या पट्टीच्या जागीं चिकटपट्टी लाविली कीं कॅसेट पुन्हा कोरी होण्यास तयार होते, हा शोध धाकट्या काकांच्या चिरंजीवांस लागला. १९८७ सालच्या ३१ ऑक्टोबरला विश्वचषकाचा सामना नागपुरासच होता. सुनील गावसकरांनीं एकदिवसीय सामन्यांतील आपलें एकमेव शतक त्या दिवशीं न्यूझीलंडविरुद्ध काढलें व चेतन शर्मांनीं ओळीनें तीन गडी बाद केले. तें सारें धांवतें वर्णन त्या घरीं हिराबाईंच्या ख्यालावर उतरलेलें आहे. शेवटचीं दोन मिनिटें क्रिकेट संपून तराणा सुरू होतो. काकांनीं मुलास मारलें नाहीं. ते स्वतःहि ती कॅसेट ऐकतात असें काकूंनीं आम्हांस खाजगींत सांगितलें. आमच्या वाशिमच्या संचापैकीं तीसेक कॅसेटी अजून चालतात. कांहींच्या आंतील नमद्याचा तुकडा गळून पडला, कांहींवर पावसाळ्यांत बुरशी आली, आणि कांहींत एका वेढ्याचें चुंबकत्व दुसऱ्यावर उमटल्यामुळें गाणें सुरू होण्यापूर्वीं क्षणभर त्याचीच पुसट चाहूल ऐकूं येते.

कारंज्याच्या १८३ मात्र, उन्हाळ्यानें वांकविलेल्या पांचसहा सोडल्या तर, आहेत तशा आहेत. चुलत भावानें त्या निजवून न ठेवतां उभ्या ठेविल्या, एवढेंच त्यांना पथ्य. अमेरिकेनें १९७७ सालीं व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत धाडलीं तेव्हां पृथ्वीचे आवाज सोबत द्यावयास फीत न निवडतां सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी निवडली, व सोबत सुईहि दिली. तींत अल्लादियाखांसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. गुरूनें तबकडीस गळा दिला नाहीं आणि शिष्येचा गळा सूर्यमालेबाहेर गेला, थोरल्या काकांस ही गोष्ट सांगितली तेव्हां ते बराच वेळ हंसले, आणि मग म्हणाले, “म्हणजे विकल्या नाहींत तें बरेंच झालें म्हणावयाचें.”

आत्या उरलीं नऊ वर्षें आमच्याकडे वाशिमास राहिल्या व १९९३ सालीं गेल्या. त्यांच्या ट्रंकेंत लुगड्याच्या पदरांत गुंडाळलेली तबकडी निघाली. मधल्या काळांत आमच्या घरीं रेकॉर्ड-प्लेअर आला होता. तरी ती लावावी असें त्या कधीं म्हणाल्या नाहींत. दर दिवाळींत ती काढून पुसत व परत ठेवीत. कॅसेट लागली म्हणजे मात्र बसून ऐकत.

२०१९ सालीं आमच्या पुण्याच्या पुतण्यानें साऱ्या तबकड्या संगणकांत घेतल्या. आतां तारेच्या खुंट्या नाहींत कीं फितीची खसखस नाहीं; विजेचा प्रवाहहि पूर्वीसारखा दमत नाहीं. आत्यांच्या गाण्यावरील हक्काचा प्रश्नहि उरलेला नाहीं. आपल्या कायद्यानें ध्वनिमुद्रणावरील स्वामित्व प्रकाशनानंतर साठ वर्षें चालतें, आणि तीं केव्हांच सरलीं. मुलगा हुशार आहे. त्यानें संगणकाकडून तड्याची टिकटिक अशी साफ काढविली कीं, तडा कोठें होता हें सांगूनहि कळूं नये. दिवाळींत सारे कारंज्यास जमलों असतां त्यानें तें पद लावलें. थोरल्या काकू आतां नव्वदीच्या घरांत आहेत, डोळ्यांस दिसत नाहीं. पद सुरू होतांच त्यांनीं बोटें हालवावयास सुरुवात केली, चारपांच वेळां हालविलीं, आणि थांबल्या.

“अक्कांची नव्हे ही,” त्या म्हणाल्या. “दुसरी कोणाची आणलीस?”

पुतण्यानें मूळची, न धुतलेली प्रत लावली. ती त्यानें टाकली नव्हती, हें त्याचें शहाणपण. काकूंच्या बोटांवर डोळे ठेवून आम्ही सवयीनें घड्याळ काढलें आणि मोजलें: अठ्याहत्तर भरले.